पेटी तालमीत ठेवा, साहेब

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
यांना,



साहेब, जोतिबाच्या चैत्र यात्रेची आढावा बैठक दरवर्षी होते. पार्किंग कुठं, केएमटी आणि एसटीच्या जादा गाड्या किती, पाण्याचे टँकर कुठं उभे करायचे, सासनकाठ्या कोणत्या वाटेनं आणायच्या, याची लांबलचक यादी तिथं तयार होते. मला त्या यादीत एक ओळ वाढवून हवी आहे. आणि ती यात्रेपुरती नको, जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांसाठी कायमची हवी. माणूस अचानक कोसळला तर त्याच्या हृदयाला झटका देणारं यंत्र कुठं ठेवलेलं आहे आणि ते कोण आणून लावणार, एवढीच ती ओळ.

यंत्राचं नाव ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर, थोडक्यात एईडी. आपल्याला ते ठाऊक असणारच. पण पत्र खुलं आहे, पेठेतल्या कट्ट्यावरही वाचलं जाईल, म्हणून दोन शब्द जादा लिहितो.

आपण सरसकट ‘अटॅक आला’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते तो हार्ट अटॅक. त्यात माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. छातीत दाटतं, दरदरून घाम फुटतो, हात भरून येतो. पण त्याला गाडीत घालून दवाखाना गाठायला थोडा अवधी मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे हृदयाची विजेची लयच विसकटणं. हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं सरकत नाही आणि बोलता बोलता माणूस खाली येतो. पहिल्यातून दुसरी पुष्कळदा उद्भवते, म्हणून गल्लत होते. ही थरथर मोडायचा उपाय एकच, विजेचा झटका. तो मिळायला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटं पुरतात. छाती दाबत राहिलं तर ही घसरण मंदावते, थांबत नाही.

(कोल्हापुरात इथं एक अडचण आहे. साऱ्या जगात सीपीआर म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ‘सीपीआर द्या’ म्हणून कुणी ओरडलं तर आमची पोरं रिक्षा बोलावतील. म्हणून या पत्रापुरतं त्या क्रियेला छातीदाब म्हणतो.)

आता आपल्या व्यवस्थेचं गणित बघा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत साधनांच्या. या गाड्यांवरच्या डॉक्टरांचं आणि चालकांचं काम कमी लेखायचा माझा मुळीच इरादा नाही. पण सेवेनं स्वतःपुढं ठेवलेलं उद्दिष्टच मुळी शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० मिनिटं असं आहे. म्हणजे गाडी अगदी ठरल्या वेळेत दारात आली तरी हृदय थांबलेल्या माणसासाठी ती उशिराच आलेली असते. उद्या गाड्या दुप्पट केल्या तरी शनिवारी संध्याकाळी महाद्वार रोडवर तिसऱ्या मिनिटाला गाडी पोचणार नाही. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांची तर गोष्टच सोडा. ती पहिली मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात आणि आज त्याच्या हातात काहीच नाही.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा, सांगायला थोडा संकोच वाटतो, पण जुगाराच्या अड्ड्यांतून आला आहे. अमेरिकेत लास वेगास आणि इतर ठिकाणच्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवलं होतं. तिथं माणूस पडला की कॅमेऱ्यात दिसतो आणि रक्षक हाकेच्या अंतरावर असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, हृदयाची अशी थरथर झालेल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के लोक चालते-बोलते घरी गेले. तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांत तर ७४ टक्के. तीन मिनिटांनंतर मिळालेल्यांत ४९. झटका देणारे डॉक्टर नव्हते, दंडुका सांभाळणारे रखवालदार होते. शिकागोच्या विमानतळांवरचा अभ्यास दोन वर्षांनी आला. तिथं अशा १८ जणांपैकी ११ जणांचं हृदय पुन्हा चालू झालं, आणि त्यातल्या सहा जणांना वाचवणाऱ्यांनी हे यंत्र त्याआधी कधीच हाताळलेलं नव्हतं. त्या सहांतले तिघे डॉक्टरकी शिकलेले होते, हेही सांगून टाकतो. उरलेले तिघे मात्र तुमच्या-माझ्यासारखे.

हे शक्य होतं कारण यंत्र बोलतं. झाकण उघडलं की ते एकेक पायरी सांगत जातं. एक पट्टी उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली (कॉलरबोन), दुसरी डाव्या बाजूला काखेच्या खाली चिकटवायची. मग यंत्र स्वतः हृदयाची लय तपासतं आणि गरज असली तरच झटका द्यायला तयार होतं. हृदय नीट चालू असेल तर बटण कितीही दाबा, झटका बसत नाही. ‘चुकून शॉक देऊन मारलं’ ही जी धास्ती मी ज्याला-त्याला बोलून दाखवताना ऐकतो, तिच्यासाठी यंत्र बनवणाऱ्यांनी जागाच ठेवलेली नाही. १९६५ साली बेलफास्टमध्ये डॉक्टर पँट्रिज यांनी पहिलं फिरतं यंत्र रुग्णवाहिकेत बसवलं तेव्हा त्याचं वजन होतं सत्तर किलो आणि ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं. आज ते शाळेच्या दप्तराएवढं आहे.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला मला लास वेगासची गरज नाही. १२ जून २०२१ ची संध्याकाळ आमच्या पेठांत कुणी विसरलेलं नाही. युरो स्पर्धेत डेन्मार्क-फिनलंड सामना चालू असताना ख्रिश्चन एरिक्सन थ्रो-इनचा चेंडू घ्यायला पुढं झाला आणि कुणाचा धक्काही न लागता कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, वैद्यकीय पथकानं छातीदाब दिला, एक झटका दिला, आणि तो परतला. पुढच्या वर्षी तो कतारच्या विश्वचषकात खेळला. आमच्यातल्या जुन्या लोकांना याच्या उलट घडलेलंही आठवतं. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरू, फेडरेशन कपाची अंतिम लढत. गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन क्रिस्टियानो ज्युनियर यानं दोन गोल केले, दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन पडला आणि पुन्हा उठला नाही. मैदानावर तातडीच्या उपचाराची धड सोय का नव्हती यावर तेव्हा देशभर बोललं गेलं. नंतर बोलणं थांबलं.

आता शाहू स्टेडियमकडं वळूया. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर असले, किंवा शिवाजी तरुण मंडळाची प्रॅक्टिस क्लबशी गाठ पडली, की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मेच्या उन्हात नव्वद मिनिटं धावणारी पोरं, आणि त्यांच्यापेक्षा जास्त तापलेले साठी ओलांडलेले शौकीन. हृदयाच्या दृष्टीनं बघाल तर खेळाडूपेक्षा गॅलरीतलाच धोक्यात जास्त असतो. खेळाडूला निदान पळायची सवय असते.

यंत्र घ्या, एवढंच मी म्हणत असतो तर हे पत्र आटोपतं घेता आलं असतं. आपण जिल्हा नियोजनातून पन्नास यंत्रं घ्याल, फोटो निघेल, आणि ती पन्नास यंत्रं पन्नास कार्यालयांत साहेबांच्या खुर्चीमागच्या कपाटात जातील. संध्याकाळी सव्वासहाला कपाटाला कुलूप आणि कार्यालयालाही. रविवारी दोन्ही बंद. माणसं मात्र कार्यालयीन वेळ बघून कोसळत नाहीत. त्यामुळं माझा अर्ज खरेदीचा कमी आणि जागेचा जास्त आहे. यंत्राची पेटी तालमीत ठेवा.

बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना तालीम म्हणजे आखाडा वाटतो. तांबडी माती तर आहेच, पण पेठेतली तालीम ही चोवीस तास जागी असलेली जागा आहे. पहाटे चारला पोरं जोर मारायला येतात, रात्री बाराला कट्ट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, कुठल्या बोळातून रिक्षा जाते आणि कुठल्या नाही, हे सगळं त्या कट्ट्याला माहीत असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा अंगावर आली तेव्हा सरकारी पथकांच्या बरोबरीनं कोण पाण्यात उतरलं, हे आपल्या कार्यालयाच्या अहवालांतही असेल. व्हाईट आर्मीचे स्वयंसेवक होते, आपदा मित्र होते, आणि तालमी-मंडळांची, कुठल्याच नोंदीत नाव नसलेली असंख्य पोरं होती. दोन मिनिटांत जमणारी माणसं या शहरात आधीच तयार आहेत. त्यांना हाक मारायची वेळ आपल्यावर यायची नाही, ती आपणहून धावतील. धावत येऊन करायचं काय, हे त्यांना सांगायला हवं.

आज ती काय करतात ते सांगतो. तोंडावर पाणी मारतात. कांदा फोडून नाकाशी धरतात. ‘गर्दी हटवा, वारा येऊ दे’ म्हणून एकमेकांना ढकलतात. माणूस मधूनच मोठ्यानं आचका देतो, त्याला ‘श्वास चालू आहे’ समजून हायसं वाटून घेतात. खरं तर तो आचका म्हणजे हृदय थांबल्याची खूण. मग चौघं मिळून त्याला रिक्षात कोंबतात, मान एका बाजूला लोंबते, आणि रिक्षा सुसाट निघते. तेवढी सगळी मिनिटं छातीवर कुणाचाही हात नसतो. यात कुणाचं मन खोटं नाही. कुणी कधी शिकवलंच नाही.

शिकवायला किती वेळ लागतो? माणूस हाक मारूनही हलत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही हे ओळखायचं. एकानं १०८ लावायचा, एकानं पेटी आणायला पळायचं, एकानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागायचं. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाला तोंड लावायची सक्ती नाही. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी नुसत्या छातीदाबाचीच पद्धत पुढं आणली आहे, ती बरोबर आहे. ज्या पोरांचे दंड जोर-बैठका मारून तयार झालेत त्यांना दमायचं कारण नाही. आपल्या जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, भूलतज्ज्ञ आहेत. एका रविवारी एका तालमीत दोन तास, इतकंच हे प्रकरण आहे.

शिकवताना एक गोष्ट मात्र आडपडदा न ठेवता बोलावी लागेल. बाई कोसळली तर काय? पट्ट्या उघड्या त्वचेवरच चिकटवाव्या लागतात. बाईच्या छातीला हात लावायला लोक कचरतात, म्हणून स्त्रियांना छातीदाब आणि झटका कमी वेळा मिळतो, असं परदेशातल्या अभ्यासांतही दिसलं आहे. आपल्याकडं तर विचारायलाच नको. म्हणून पेटीत कात्री, टॉवेल आणि वस्तऱ्याबरोबर एक मोठी चादरही असू दे. भोवती चार बायकांनी ती धरायची. आणि शिकणाऱ्यांत महिला मंडळं, बचत गट, आशाताई, अंबाबाईच्या देवळातल्या महिला रक्षक सुरुवातीपासून असू देत.

टॉवेल का, तर आपल्याकडचा पाऊस. ओल्या छातीवर पट्टी चिकटत नाही, म्हणून अंग कोरडं करून घ्यावं लागतं. आखाड्यातल्या पोराच्या अंगावर माती-तेल असतं आणि यात्रेकरूच्या अंगावर गुलाल. तोही आधी पुसायचा.

जागांबद्दल माझी एक भीती आहे ती स्पष्टच मांडतो. ‘प्रत्येक प्रभागाला एक’ असं वाटप होईल. ते न्याय्य दिसेल आणि चुकीचं असेल. जुन्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत एक साधी कसोटी होती, पाच वर्षांत एकदा तरी असा प्रसंग जिथं घडण्याची वाजवी शक्यता आहे तिथं यंत्र असावं. त्या कसोटीनं बघितलं तर अंबाबाईचं देऊळ, मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे टर्मिनस, शाहू स्टेडियम, खासबाग, पहाटे फिरणाऱ्यांनी फुललेला रंकाळा, शिवाजी विद्यापीठाचा परिसर ही नावं कुणीही डोळे झाकून सांगेल. जोतिबाचा डोंगर वेगळाच विषय आहे. भर उन्हात सासनकाठी खांद्यावर घेऊन नाचणारे, पायऱ्या चढून आलेले, उपाशीपोटी रांगेत उभे असलेले लाखो भाविक. आणि त्या गर्दीतून रुग्णवाहिका फूटभरही पुढं सरकत नाही. तिथं यंत्र चालत्या माणसाच्या पाठीवर हवं, पिशवीत, ठराविक अंतरावर.

पण हेही खरं की दहातली सातएक माणसं घरातच कोसळतात. बसस्थानकावरचं यंत्र त्यांच्या उपयोगाचं नाही. उत्तर अमेरिकेत १९ हजारांवर स्वयंसेवकांना घेऊन झालेला एक मोठा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. नुसता छातीदाब शिकवलेल्या ठिकाणी १०७ पैकी १५ जण वाचले, छातीदाब आणि यंत्र दोन्ही असलेल्या ठिकाणी १२८ पैकी ३०. आकडे छान आहेत, पण निवासी इमारतींत वाचलेले अगदीच थोडे होते. तिकडच्या इमारतीत शेजाऱ्याच्या दाराची घंटा वाजवायलाही लोक बिचकतात. मंगळवार पेठेत आरोळी एका घरातून निघाली की आख्खी गल्ली दारात असते. म्हणूनच मला विमानतळापेक्षा तालमीची पेटी मोलाची वाटते. ती घरापासून शंभर-दोनशे पावलांवर आहे आणि आणणारा दुचाकीवर आहे.

गावाकडं तालमीच्या जागी काय? माझं उत्तर आहे दूध संस्था. ग्रामपंचायतीला कुलूप असतं, आरोग्य उपकेंद्र गावाबाहेर असतं, शाळा पाचला सुटते. दूध संस्था पहाटे आणि संध्याकाळी, दसरा असो की दिवाळी, उघडतेच. म्हशीला सुट्टी नसते. गावातल्या बहुतेक घरातलं एक माणूस दिवसातून दोनदा तिथं येतं. फॅट मोजायचं यंत्र ज्या सचिवाच्या हाताखाली रोज चालतं, त्याला हे यंत्र जड जाणार नाही. पेटी संस्थेच्या बाहेरच्या भिंतीवर लावायची, आत नाही. गोकुळसारखा १९६३ पासूनचा संघ आणि वारणेसारखी सहकारी संस्था यांच्याशी आपण एक बैठक घेतलीत तर गावोगावची जागा, वीज आणि देखभालीचा माणूस हे तिन्ही प्रश्न एका दमात सुटतील. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात गव्हाणीजवळ एक पेटी हवी. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्ल्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, जिथं भट्टीसमोर माणूस आठ तास उभा असतो, तिथंही.

कुलपाविषयी. ‘चोरी होईल’ हा पहिला आक्षेप येणार. एखादी होईलही. तिला घाबरून सगळ्या पेट्यांना कुलूप घालणं महागात पडेल. झाकण उघडताच भोंगा वाजेल अशी पेटी आमच्या उद्यमनगरात चार दिवसांत तयार होते. जगात जे मिळत नाही ते तिथं बनवून मिळतं. दुसरा प्रश्न चोरीपेक्षा खरा आहे, तो देखभालीचा. पट्ट्यांची मुदत साधारण दोन वर्षांत संपते, बॅटरीची चार-पाच वर्षांत. यंत्र ठरलेल्या वेळी स्वतःची चाचणी घेतं आणि ठीक असेल तर दिवा हिरवा दाखवतं. तो दिवा कुणीतरी बघायला हवा. एसटी गाडीतल्या प्रथमोपचार पेटीचं आपण काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत एक वाळलेला बँडेजचा गुंडाळा आणि कंडक्टरचा डबा. म्हणून निविदेत यंत्राच्या किमतीबरोबर निदान पाच वर्षांच्या पट्ट्या-बॅटरीचा खर्च धरा. आणि एक अट न विसरता घाला, यंत्र मराठीत बोललं पाहिजे. शिरोळ-कागलच्या सीमेवर कन्नडमध्येही.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, कारण आपलं कार्यालय पावसाळ्यात तो आकडा सतत जाहीर करतं. तसाच यंत्रांचा तक्ता जाहीर करा. कुठली पेटी कुठं आहे, दिवा शेवटचा कधी बघितला, बघणाऱ्याचं पद काय. तो तक्ता १०८ च्या नियंत्रण कक्षाला द्या. फोन उचलणाऱ्यानं ‘गाडी निघाली’ एवढ्यावर न थांबता ‘छाती दाबायला लागा, मी मोजतो, आणि कुणाला तरी अमुक तालमीत पळवा’ असं म्हणायला हवं.

पैशाचं म्हणाल तर एका यंत्राला लाखभर रुपये पडतात, थोडे कमी-जास्त. एका रात्रीच्या डॉल्बीला आणि लाइटच्या शोला मंडळं किती मोजतात ते पोलिसांना विचारा. दहीहंडीची बक्षिसंही लाखांत असतात. मी उत्सवाच्या विरोधात नाही, मिरवणुकीत मी स्वतः असतो. पण गणेशोत्सव मंडळांना आपण ‘यंदा एक पेटी’ असं आवाहन केलंत तर पेठा-पेठांत चुरस लागेल. ईर्षा हा आमचा स्वभावच आहे, तो एकदा तरी कामाला लावा. पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहेच. फक्त देणगीदाराचं नाव पेटीवर यंत्राच्या खुणेपेक्षा मोठं नको, नाहीतर लांबून शुभेच्छांचा फलक वाटेल.

कायद्याचं भय खरं आहे आणि ते आपणच घालवू शकता. ‘हात लावू नको, अंगलट येईल’ हे वाक्य प्रत्येक गर्दीत कुणीतरी म्हणतंच. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. पण रंकाळ्यावर फिरताना कोसळलेला माणूस अपघातात मोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात, संमती द्यायच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा नाही, असं आहे. ते वकिलांना माहीत आहे. कट्ट्यावरच्या पोराला नाही. आपण आणि पोलीस अधीक्षकांनी मिळून एक साधं पत्रक काढावं, मराठीत, की मदत करणाऱ्याला ना ठाण्यात बसवलं जाईल, ना जबाबासाठी हेलपाटे घालावे लागतील. ते पत्रक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

शेजारी काय चाललंय तेही बघण्यासारखं आहे. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकारानं गेले, आणि कर्नाटक सरकारनं त्यांच्या नावानं हृदय ज्योती योजना जाहीर केली. तालुक्याच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि सार्वजनिक ठिकाणी एईडी, असे तिचे दोन भाग. कागदावर किती आणि भिंतीवर किती, ते तिकडच्यांनी तपासावं. जपानमध्ये २००२ साली राजघराण्यातले राजपुत्र ताकामादो स्क्वॉश खेळताना असेच गेले. २००४ च्या जुलैत तिथं सामान्य माणसाला हे यंत्र वापरायची मुभा मिळाली. दोन्हीकडं मोठं माणूस जावं लागलं. आपल्याकडं अभिनेते श्रेयस तळपदे डिसेंबर २०२३ मध्ये रुग्णालयाच्या वाटेवर कोसळले, छातीदाब आणि विजेचे झटके देऊन त्यांना परत आणलं, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलं. त्यांचं नशीब की रुग्णालय जवळ होतं.

नशिबावरून आठवलं. मध्यंतरी आपल्या शहराचं नाव देशभर गाजलं ते एका आजोबांमुळं. त्यांना मृत समजून घरी नेत होते, रुग्णवाहिका गतिरोधकावर आदळली, बोटं हलली आणि आजोबा पुढं स्वतःच्या पायानं घरी आले. आनंदच आहे. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर विनोद चालतो की कोल्हापुरातले खड्डे आणि स्पीड ब्रेकर आरोग्य खात्याकडं वर्ग करावेत. रस्त्यांबाबत महापालिकेला तेवढाच दिलासा.

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम सुरू व्हायला अवकाश आहे. पहिली पेटी तिथं लागावी, आणि दुसरी पेठेतल्या ज्या तालमीची पोरं सगळ्यात आधी दोन तास शिकायला बसतील तिथं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला (केएसए) एक नियम सहज करता येईल, नाणेफेकीआधी पंचांनी यंत्राचा हिरवा दिवा बघून वहीत सही करायची. दिवा लाल असेल तर सामना सुरू नाही. एकदा सामना थांबला की पुढच्या वेळी पट्ट्या कुणी बदलायच्या हे विचारायला आपल्याला माणूस पाठवावा लागणार नाही. पंधरा हजार लोक विचारतील.

आढावा बैठकीची तारीख ठरली की वर्तमानपत्रात येऊ द्या. आम्ही येतो.

आपला,
शिवाजी पेठेतला एक फुटबॉलवेडा
कोल्हापूर